सार्जंट प्रेबिच कुठे निघाला होता?

१

बंदुका खांद्याला लागल्या होत्या, बिगुलवाल्यानं ओठ ओले करून घेतले होते आणि फादरनं पुस्तकातली खूण बाजूला सारली होती. तेवढ्यात सैनिकी दफनभूमीचे अधीक्षक ऑर्व्हिल लुंडक्विस्ट कचेरीतून बाहेर आले. अंगात कोटसुद्धा नव्हता. एप्रिल लागला असला तरी मिनेसोटातल्या त्या टेकडीवरचा वारा अजून हाडात शिरत होता.

वर्ना सावेला मागच्या रांगेत उभी होती. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी म्हणून सार्जंट ड्वेन प्रेबिचच्या दफनाची परवानगी तिनंच मिळवून दिली होती. ऑर्व्हिल आता विधवेकडे जातील, दोन शब्द बोलतील, असं तिला वाटलं. पण ते मार्लिसला ओलांडून थेट सलामीच्या तुकडीकडे गेले आणि ड्वेनच्या कंपनीचा फर्स्ट सार्जंट ग्लेन हॉफस्टाड याच्यापाशी थांबले. हॉफस्टाड इतका उंच की चर्चच्या दारातूनही वाकून जायचा. ऑर्व्हिलचं बोलणं ऐकायला तो कमरेत वाकला. ऑर्व्हिलनी काहीतरी विचारलं. हॉफस्टाड जमिनीकडे बघत काहीतरी बोलला. मग त्यानं होकारार्थी मान हलवली.

ऑर्व्हिल परत फिरले. मार्लिसचा हात हातात घेऊन म्हणाले, "मला माफ करा, मिसेस प्रेबिच. आज त्यांना इथे पुरता येणार नाही."

कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. काय झालं हेच कुणाला कळलं नव्हतं. बिगुलवाला बिगुल धरून तसाच उभा होता. मार्लिस एकदा शवपेटीवरच्या झेंड्याकडे, एकदा ऑर्व्हिलकडे बघत होती आणि विचारत होती, "म्हणजे उद्या का? उद्या येऊ का?"

हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठली की शवपेट्या वसंतापर्यंत ठेवायला टेकडीच्या पोटात एक दगडी कोठी होती. ड्वेनला त्या कोठीत नेलं. दार लागलं. आणि लोक आपापल्या गाड्यांकडे अशा चालीनं गेले, जणू चुकीच्या लग्नाला आले होते.

२

"फोन आला," ऑर्व्हिल कचेरीत म्हणाले. "पुरुषाचा आवाज. तोंडावर फडकं धरून बोलत असावा. नाव सांगितलं नाही."

तो माणूस एवढंच म्हणाला होता: डूई ड्यूटीवर चालला नव्हता, तो पुलाकडे वळला होता, त्याच्या सार्जंटला विचारा. ऑर्व्हिलना वाटलं, फडक्यामुळे 'ड्वेन'चं 'डूई' ऐकू आलं असेल. त्यांनी सार्जंटला विचारलं, आणि हॉफस्टाडनं सांगितलं की प्रेबिचनं त्या सकाळी रजा घेतली होती.

इथे सगळं घोडं एका शब्दावर अडलं होतं. ड्वेननं राखीव दलाच्या वाहतूक कंपनीत सतरा वर्षं काढली होती. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि उन्हाळ्यात पंधरवडाभर सराव. पण त्याच्या कंपनीला युद्धावर बोलावणं कधी आलंच नाही. नुसत्या सरावाच्या बळावर त्या टेकडीवर जागा मिळत नसे. मिळायची ती राखीव सैनिक ड्यूटीवर असताना गेला तर, किंवा ड्यूटीवर 'थेट' जाता-येताना गेला तर. ड्वेन शनिवारी सकाळी गणवेशात, सरावाच्या दिवशी, रस्त्यावरून पिकअप ओढ्यात कोसळून गेला होता. वर्नाला ते पुरेसं वाटलं होतं. वरच्या कचेरीलाही वाटलं होतं.

तो गेला तो रस्ता मात्र गावाच्या ईशान्येला होता. सॉमिल रस्ता. राखीव दलाचं केंद्र दक्षिणेला. त्या आठवड्यात बर्फ वितळून नद्या फुगल्या होत्या, अर्धे रस्ते बंद होते, माणसं कुठूनही वळसे घालून कुठेही पोचत होती. म्हणून तेव्हा कुणाच्या मनात शंका आली नाही. आता वर्नानं ऑर्व्हिलच्याच टेबलावरून रस्तेखात्याला फोन लावला. दक्षिणेचा रस्ता आदल्या संध्याकाळीच खुला झाला होता.

"म्हणजे तो उलट्या दिशेला चालला होता," ऑर्व्हिल म्हणाले. "वर्ना, मी काही राक्षस नाही. पण खोटी नोंद करून मी कुणाला इथे झोपवणार नाही. मेअखेरीला कोठी रिकामी करावी लागते. तोवर तू काही सिद्ध केलंस तर ठीक. नाहीतर तिला त्याला दुसरीकडे न्यावं लागेल."

वर्ना गाडीत येऊन बसली, पण किल्ली फिरवायचं तिला सुचेना. रजेवरचा माणूस गणवेश चढवून निघाला होता. ड्यूटीवर जाणारा माणूस ड्यूटीकडे पाठ करून निघाला होता. दोन्हींपैकी एकही गोष्ट तिच्या डोक्यात बसेना.

३

हॉफस्टाड केंद्रावरच्या आपल्या खोलीत भेटला. खुर्ची त्याला अपुरी पडत होती. गुडघे टेबलाच्या कडेला टेकत होते, म्हणून तो तिरका बसला होता.

तो सौजन्यानं वागला. ड्वेन चांगला माणूस होता, म्हणाला. ट्रकच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं ओळखायचा. त्या सकाळबद्दल विचारल्यावर त्यानं न अडखळता, पाठ केल्यासारखं सांगितलं, "पहाटे त्यानं इथे केंद्रावर फोन केला. मी टेबलापाशीच होतो, मीच उचलला. आज येता येणार नाही म्हणाला. मी म्हटलं ठीक आहे."

"कारण?"

"विचारलं नाही. माणसाला कारणं असतात."

वर्नानं विचारलं, मग गणवेश कशाला घातला होता? हॉफस्टाडनं खांदे उडवले. घरी बायकोला संशय येऊ नये म्हणून असेल, असं तो म्हणाला नाही, पण त्याच्या गप्प बसण्यात ते होतं. वर्नाला तो गप्पपणा आवडला नाही. मात्र न आवडणं हा काही पुरावा नव्हे. हा माणूस वीस वर्षांच्या सेवेच्या आणि तिच्याबरोबर मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाच्या उंबरठ्यावर होता. गावात त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नव्हतं. खोटं बोलून त्याला मिळणार तरी काय होतं?

निघताना तिनं सहज विचारलं, सॉमिल रस्त्यावर तुमच्या कंपनीतलं कुणी राहतं का?

हॉफस्टाडनं आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग उत्तर दिलं. "जोलीन ऑस्बी. मेकॅनिक आहे. पुलाच्या पलीकडे." आणि थोडं थांबून, "मी काही म्हणत नाहीये."

४

मार्लिसच्या स्वयंपाकघरात शेजारपाजाऱ्यांनी आणून दिलेल्या ताटल्यांची चळत लागली होती. अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला गोड पाव, पोतित्सा, तर चार घरांतून आला होता. एकालाही सुरी लागली नव्हती.

मार्लिस सरळ बोलत होती, पण मध्येच वाक्य सोडून देत होती. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं नेहमीसारखी गणवेशाला इस्त्री केली. बुटांना पॉलिश केलं. थोरला भाऊ बड त्याला कायम रविवारचा शिपाई म्हणून चिडवायचा. बड व्हिएतनाममध्ये लढून आलेला, वडील त्याआधीच्या महायुद्धात. वडील त्या टेकडीवर होते, बडची जागाही ठरलेली होती. ड्वेन हसून सोडून द्यायचा. पण इस्त्री करताना कॉलर दोनदा करायचा.

वर्नानं विचारलं, "त्याला डूई कोण म्हणायचं?"

मार्लिसनं कप खाली ठेवला. "हे तुला कुठून कळलं? त्याची आई म्हणायची. ती गेल्यावर फक्त बड. मीसुद्धा कधी म्हटलं नाही."

वर्नाला लगेच उठून बडकडे जायचं होतं. गॅरेजमधून बाहेर पडताना तिचा पाय कशाला तरी अडखळला. वाटेत मधोमध अवजारांची भलीमोठी लोखंडी पेटी पडली होती.

"ही इथे कशी?" मार्लिसच म्हणाली. "ही पिकअपमध्ये असते. त्याच्या शेजारच्या सीटच्या मागे. चर्चला जातानाही काढत नव्हता. मी किती वर्षं ओरडत्येय की गुडघे दुमडून बसावं लागतं, ती सीट मागे सरतच नाही."

दोघी पेटीकडे बघत उभ्या राहिल्या. मग मार्लिसचा चेहरा एकदम सैल पडला, जणू आतून कुणी दोरी सोडली.

"वर्ना, मी तुला सगळं नाही सांगितलं," ती म्हणाली. "त्या सकाळी फोन आला होता. मी आंघोळीला होते. बाहेर आले तर तो निघून गेलेला, आणि घरभर कॉफीचा वास. त्याच्या पोटात व्रण झाला होता, वर्षभर त्यानं कॉफीला हात लावला नव्हता. मी तर चहावाली." तिनं वर्नाचा हात धरला. "मग ती कॉफी कुणासाठी केली होती?"

५

बडचं मासेमारीच्या सामानाचं दुकान तळ्याच्या काठावर होतं. वर्ना आत शिरली तेव्हा तो गळाच्या पेट्या लावत होता. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"फडकं धरलंस तरी घरचं नाव तोंडातून गेलंच," ती म्हणाली.

बडनं नाकारलं नाही. पेटी बंद केली, पुन्हा उघडली. तो पेट्रोल पंपावर होता, म्हणाला. ड्वेनची पिकअप आली, त्यानं हात केला, ड्वेननंही केला आणि पुलाकडे वळला. पुलापलीकडे कोण राहतं ते साऱ्या गावाला ठाऊक. ड्वेन त्या पोरीकडे जातो, तासन्‌तास तिथे असतो, हे हिवाळाभर ऐकू येत होतं. आधी त्यानं तोंड मिटून ठेवलं. अंत्यविधीच्या सकाळी मात्र गणवेशाची बटणं लावताना त्याला ते सहन होईना.

"त्या टेकडीवर माझ्याबरोबरची पोरं आहेत, वर्ना. म्हातारा आहे. बाईकडे जाताना मेलेल्या माणसाला त्यांच्या शेजारी ठेवायचं, वर तीन फैरी झाडायच्या, आणि त्यातली एक मी झाडायची?"

"तू त्याचा भाऊ की टेकडीचा दरवान?"

पहिल्यांदाच बडचा आवाज खाली आला. त्यानं विचारलं, मार्लिसला कळलंय का. वर्ना म्हणाली, अजून नाही, आणि सांगायचं असेल तर ते तोंड तुझं असेल, माझं नाही.

फोन कुणी केला ते कळलं होतं, तरी ती बाहेर आली तेव्हा तिचा गुंता आणखी वाढला होता. बडनं जे पाहिलं ते खरं होतं. फोन, कॉफी, पूल, सगळं एकाच दाराशी जाऊन थांबत होतं. मार्लिसला काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवू लागली. एकही धड जुळेना. कारण ती अवजारांची पेटी मध्ये येत होती. बाईकडे जाणारा माणूस जाण्याआधी गॅरेजमध्ये उभा राहून एवढं धूड उचलून का काढेल?

६

पिकअप ओढून आणणाऱ्याच्या आवारात चिखलात उभी होती. टप चेपलं होतं, काचा गेल्या होत्या. मालक म्हणाला, ओढ्यातून काढली तशी आणून ठेवलीय, आत कुणी हात घातलेला नाही.

वर्नानं दार ओढून उघडलं. एरवी त्या सीटवर जाळी, मोजे, तेलाचे डबे असा पसारा असायचा. तो सगळा आता मागे ताडपत्रीखाली बांधलेला होता. सीट स्वच्छ होती. तिनं ती निरखून पाहिली तेव्हा लक्षात आलं, सीट पार मागे सरकवून खटका बसवलेला होता. वर्ना आत बसली. तिच्या गुडघ्यांपुढे हातभर जागा उरली. पायाशी थर्मास पडला होता, अजून भरलेला. काळी कॉफी, बिनसाखरेची.

तिथून ती शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजमध्ये गेली. जोलीन ऑस्बी एका बसखालून सरपटत बाहेर आली, उभी राहिली तेव्हा जेमतेम वर्नाच्या खांद्याएवढी भरली. वर्ना तिच्याकडे इतकी टक लावून बघत राहिली की जोलीन वैतागली.

"तुम्हीही तेच विचारायला आलात ना?" ती म्हणाली. "विचारा. ते मला गिअरबॉक्स शिकवत होते. डिझेलची परीक्षा द्यायची होती मला. माझी आई समोर बसून विणत असायची. एवढंच आहे बघा तुमच्या गावाचं प्रकरण."

वर्नानं शांतपणे विचारलं, त्या शनिवारी सकाळी तू कुठे होतीस? जोलीन म्हणाली, केंद्रावर. तिची मुदपाकखान्याची पाळी होती, म्हणून ती उजाडण्याआधीच पोचली होती. दक्षिणेच्या रस्त्यानंच. प्रेबिचना ते माहीत होतं, पाळ्या त्यांनीच लावल्या होत्या. पावाची गाडी आली नाही म्हणून फोन करायला गेली तर फोन मेलेला. केबलमध्ये पाणी शिरलं होतं. दुपारपर्यंत आत-बाहेर एकही फोन लागला नाही. शेवटी रस्त्यापलीकडच्या दुकानातून फोन करावा लागला.

वर्नानं तिला मध्येच तोडलं. "केंद्रावरचा फोन बंद होता? पहाटेपासून?"

"सगळ्यांना माहीत आहे. सगळे शिव्या घालत होते."

"सगळ्यांना," वर्ना म्हणाली. "फर्स्ट सार्जंटनाही?"

जोलीन हातातल्या फडक्यानं तेच बोट पुन्हा पुन्हा पुसू लागली. "साहेबांनी आम्हा सगळ्यांना कधी ना कधी सांभाळून घेतलंय," ती म्हणाली. "तेवढं मला विचारू नका, मॅडम."

७

वर्ना दुसऱ्या दिवशी हॉफस्टाडच्या घरी गेली. तो पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता. ती शेजारी बसली. काय बोलायचं ते तिनं वाटेत ठरवलं होतं, पण तिथे आल्यावर तिचा राग कुठेतरी गेला आणि ती शिकवल्यासारखं सावकाश बोलू लागली.

ड्वेननं निघण्याआधी पेटी काढली, ती सीट मागे सरकावी म्हणून. सीट मागे सरकवली, ती कुणीतरी उंच माणूस बसणार म्हणून. जोलीन नव्हे. ती तर त्या वेळी केंद्रावर होती, आणि ड्वेनला ते ठाऊक होतं. कॉफी काळी, म्हणजे ती ज्याच्यासाठी होती त्याला शुद्धीवर आणायचं होतं. फोन ड्वेननं केला नाही, त्याला आला. आणि केंद्रावरचा फोन पहाटेपासून बंद होता हे कंपनीत एकाच माणसाला माहीत नव्हतं. जो म्हणतो मी टेबलापाशी होतो आणि मीच फोन उचलला, तो माणूस.

"तुम्ही तिथे नव्हता, ग्लेन. तुम्ही पुलापलीकडे होता."

हॉफस्टाडनं बूट खाली ठेवला. नाकारेल म्हणून ती थांबली. तो नाकारणार नव्हता. खूप दिवस कुणी विचारण्याची वाट बघितलेल्या माणसासारखा तो बोलत सुटला.

पुलापलीकडे तळ्याकाठच्या गुत्त्यात तो रात्रभर होता. गाडी चिखलात रुतली होती. उजाडायच्या आत त्यानं गुत्त्यातूनच ड्वेनला फोन लावला, कारण ड्वेन प्रश्न विचारत नसे. मग पायरीवर वाट बघत बसला. ड्वेन आला नाही. शेवटी दुपारी गुत्त्याच्या मालकानं त्याला आपल्या गाडीतून सोडलं. दुसऱ्या सार्जंटनं हजेरी घेऊन टाकली होती. साहेब आत कामात आहेत, एवढंच सगळे म्हणाले. पण हे अजून सगळं नव्हतं.

"गावात यायला तो एकच रस्ता आहे," तो म्हणाला. "पुलाच्या अलीकडे पोलिसांचे दिवे दिसले. ओढ्यात त्याची पिकअप. मालकानं विचारलं, थांबायचं का. माझ्या तोंडाला वास येत होता, अंगावर गणवेश होता. मी सीटमध्ये खाली सरकलो आणि म्हटलं, चला."

समोरच्या अंगणात उरलेलं बर्फ काळं पडलं होतं. वर्नाला त्याच्याकडे बघवेना. पण एक प्रश्न बाकी होता, आणि सगळं त्यावर होतं. ड्वेन मित्राला आणायला गेला असेल, तर तो स्वतःच्या मर्जीनं वाट सोडून गेला होता. मग 'थेट' हा शब्द तुटला, टेकडी गेली. पण वरिष्ठानं सरावाच्या दिवशी, सरावाला पोचवण्यासाठी बोलावलं असेल, तर ड्वेनची ड्यूटी फोन ठेवल्या क्षणी सुरू झाली होती.

"फोनवर तुम्ही काय म्हणालात, ग्लेन? विनंती केलीत की हुकूम दिलात?"

हॉफस्टाडनं तोंड हातात धरलं.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "देवाशपथ, आठवत नाही."

वर्ना उठली. तिला चीड आली, कीव आली, आणि आपण नक्की कुठल्या उत्तरासाठी आलो होतो तेच कळेनासं झालं. तुम्ही काय सांगायचं ते मी शिकवणार नाही, खरं असेल तेच सांगा, एवढं बोलून ती निघाली.

८

पंधरवडा उलटला तरी काही घडलं नाही. वर्नानं मार्लिसला सांगता येण्यासारखं तेवढं सांगितलं. तो बाईकडे चालला नव्हता. एका माणसाला ड्यूटीवर न्यायला निघाला होता. मार्लिसनं त्या माणसाचं नाव दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा वर्नानं सांगितलं. मार्लिस स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं रडली आणि डोळे पुसून आल्यावर म्हणाली की मरणापेक्षा या तीन आठवड्यांनी तिला जास्त खाल्लं होतं. नवऱ्यासाठी रडावं की त्याच्यावर संतापावं हेच तिला कळत नव्हतं. बडनं आपल्या फोनचं स्वतःच येऊन कबूल केलं. ती त्याच्याशी बोलली नाही, पण त्याला दाराबाहेरही काढलं नाही. बड दिवसभर गॅरेज आवरत बसला.

मग एक दिवस हॉफस्टाड शहरात वरिष्ठांपुढे जाऊन उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं. दारू, गुत्ता, खोटी रजा, न थांबता पुढे गेलेली गाडी. आणि शेवटी म्हणाला, मी सार्जंट प्रेबिचला मला केंद्रावर पोचवण्याचा हुकूम दिला होता. विनंती नव्हती. त्याच दिवशी त्याच्या बाहीवरच्या पट्ट्या उतरल्या. वीस वर्षं आता कधी पुरी होणार नव्हती.

ऑर्व्हिलनी वर्नाला फोन करून परवानगी आल्याचं कळवलं. आवाजात सुटका होती. मग थोडं घुटमळून म्हणाले, "त्याला खरंच आठवलं का गं?"

वर्नानं त्यावर फार विचार केला होता. स्वतःला वाचवायला खोटं बोललेला माणूस स्वतःला बुडवायला खोटं बोलेल का? बोलेलही. मेलेल्याचं देणं फेडायला माणसं काय वाटेल ते करतात. किंवा खरंच एका पहाटे जाग आल्यावर त्याला आपलाच आवाज ऐकू आला असेल. "मला माहीत नाही, ऑर्व्हिल," ती म्हणाली. आणि ते तिचं खरं उत्तर होतं, त्या दिवशीही आणि पुढेही.

मे महिन्यात जमीन मऊ झाली. ड्वेनला वडिलांपासून हाकेच्या अंतरावर जागा मिळाली. फैरी झाडणाऱ्यांत बड होता. तिन्ही वेळा त्याची बंदूक इतरांच्या मागून वाजली. झेंड्याची घडी झाली, मार्लिसच्या मांडीवर आली. या वेळी कुणीही कचेरीतून बाहेर आलं नाही.

जेवण चर्चच्या तळघरात होतं. वर्ना कॉफी घेऊन खिडकीपाशी उभी राहिली तेव्हा तिला बाहेर गाड्यांच्या पलीकडे हॉफस्टाड दिसला. साध्या कोटात, स्वतःच्या गाडीला टेकून. तो टेकडीवर आला नव्हता आणि आतही येत नव्हता. तिच्यामागून बडनं पाहिलं आणि त्याचा जबडा आवळला. तो दाराकडे वळणार, तोच मार्लिस त्याला ओलांडून बाहेर गेली.

वर्ना धावत मागे गेली आणि दारातच थांबली.

मार्लिस त्या उंच माणसासमोर जाऊन उभी राहिली होती. तो काहीतरी पुटपुटत होता, टोपी हातात चुरगळत होता. तिनं त्याला बोलू दिलं नाही. गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेली, दार उघडलं आणि आत बसली.

"तो गेला ती जागा मी अजून पाहिलेली नाही," ती म्हणाली. "मला तिथे घेऊन चला. आणि वाटेत सांगा, फोनवर तो काय काय बोलला. शब्दन्‌शब्द. नसेल आठवत तर नसेल आठवत म्हणा, पण माझ्याकरता काही रचू नका."

हॉफस्टाड वाकून गाडीत शिरला. गाडी हळू सुटली, रस्त्याला लागली आणि सॉमिल रस्त्याच्या दिशेनं वळली. बड वर्नाच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं विचारलं, जाऊ द्यायचं का तिला त्याच्याबरोबर? वर्ना गाडी झाडांआड होईपर्यंत बघत राहिली.